बॅलेरिना म्हणजे नेमकी कोण? राजदरबारातून मीमपर्यंत पोचलेल्या बॅलेची गोष्ट

२०२५ मध्ये रील्स बघणाऱ्या जवळपास प्रत्येकाला 'बॅलेरिना कॅपुचिना' एकदा तरी भेटली असेल. डोक्याच्या जागी कॉफीचा कप, अंगात गुलाबी फ्रॉक, पायात बॅलेचे शूज. एआयने बनवलेलं हे पात्र 'इटालियन ब्रेनरॉट' नावाच्या मीम्सच्या लाटेत आलं आणि बघता बघता खेळण्यांपर्यंत पोचलं. त्याच वर्षी जॉन विकच्या दुनियेतला 'बॅलेरिना' हा सिनेमाही आला. त्यात अ‍ॅना दे आर्मासने बॅलेही शिकलेल्या आणि माणसं मारायलाही शिकलेल्या तरुणीचं काम केलं.

म्हणजे बॅलेरिना सगळ्यांना माहीत आहे. डोळे मिटले तरी चित्र समोर येतं: बारीक, गोरी मुलगी, गुलाबी फ्रॉक, पायाच्या बोटांच्या टोकावर उभी, वजनच नसल्यासारखी.

पण हे चित्र जेमतेम दोनशे वर्षांचं आहे. बॅलेचा पहिला सुपरस्टार मुलगी नव्हताच, तो फ्रान्सचा राजा होता. आणि ते 'वजन नसणं' दाखवायला आजवर अनेक मुलींनी फार मोठी किंमत मोजली आहे. काहींनी तर जीवही गमावला. म्हणूनच कपाच्या खाली असलेल्या त्या दोन पायांची ही गोष्ट.

बॅलेरिना हा शब्द आला कुठून?

इटालियन भाषेत 'बालारे' म्हणजे नाचणं. त्यावरून नाचणारा तो 'बालेरिनो' आणि नाचणारी ती 'बालेरिना'. 'बॅले' हा शब्दही त्याच मुळातून इटालियनमधून फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून जगभर पसरला.

आपण बॅले करणाऱ्या कुठल्याही मुलीला बॅलेरिना म्हणतो. पण बॅलेच्या जगात हा मान सरसकट मिळत नाही. तिथे पायऱ्या ठरलेल्या असतात. थोडक्यात सांगायचं तर:

- कोर द बॅले: समूहात नाचणारे कलाकार. 'स्वान लेक'मध्ये एका ओळीत उभे असलेले हंस आठवा. सगळ्यांचे हात एकाच कोनात. एकीचा हात चुकला तरी प्रेक्षकांना दिसतो.
- सोलोइस्ट: एकट्याने छोट्या भूमिका करणारे कलाकार.
- प्रिन्सिपल: मुख्य भूमिका करणारे कलाकार. पॅरिस ऑपेरात त्यांना 'एत्वाल' म्हणजे तारा म्हणतात.
- प्रिमा बॅलेरिना आसोलुता: सर्वोच्च किताब. इतिहासात तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जणींनाच मिळाला आहे.

सुरुवात एका राजापासून झाली, ती कशी?

बॅलेचं बीज पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीच्या दरबारांत पडलं. मेजवान्या, लग्नं, पाहुण्या राजांचं स्वागत अशा प्रसंगी सरदार मंडळी स्वतः नाचायची. इटलीच्या मेदिची घराण्यातली कॅथरिन फ्रान्सची राणी झाली आणि ही हौस पॅरिसला पोचली. १५८१ मध्ये तिथे एका शाही लग्नानिमित्त 'बॅले कोमिक द ला रेन' सादर झाला. संगीत, कविता, नाच आणि नेपथ्य एका कथेत बांधलेला हा कित्येक तासांचा प्रयोग बॅलेच्या इतिहासातला पहिला मोठा टप्पा मानतात.

पुढे आला चौदावा लुई. १६५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने 'बॅले द ला नुई' या रात्रभर चाललेल्या प्रयोगात उगवत्या सूर्याचं सोंग घेतलं. 'सूर्य राजा' ही त्याची ओळख पुढे कायमची झाली. यात हौस होती तसं राजकारणही होतं. काही वर्षांपूर्वीच सरदारांनी बंड केलं होतं. आता तेच सरदार राजाभोवती तालात फिरत होते आणि मधोमध सूर्य होता. निरोप स्पष्ट होता.

१६६१ मध्ये लुईने नृत्याची राजेशाही अकादमी काढली. त्याचे नृत्यगुरू पिएर बोशां यांनी पायांच्या पाच मूळ स्थिती पक्क्या केल्या असं मानतात. आजही जगातल्या कुठल्याही बॅले क्लासमध्ये पहिल्या दिवशी त्याच पाच स्थिती शिकवतात आणि सूचना फ्रेंचमध्येच दिल्या जातात. गुडघे वाकवणं म्हणजे 'प्लिए', उडी म्हणजे 'जेते'. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला 'अरमंडी' हा शब्द जगात कुठेही कळतो, तसंच हे.

या सगळ्यात बायका कुठे होत्या? दरबारातल्या खासगी प्रयोगांत होत्या, पण सार्वजनिक रंगमंचावर त्यांच्या भूमिकाही पुरुषच करत. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळापर्यंत होतं तसंच. १६८१ मध्ये पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर पहिल्यांदा व्यावसायिक नर्तकी उतरल्या. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी मारी कामार्गो हिने घोट्यापर्यंत स्कर्ट आखूड केला. आज हसू येईल, पण तेव्हा ही मोठी खळबळ होती. कारण साधं होतं: तिची पावलं पुरुषांइतकीच वेगवान होती आणि ती लोकांना दिसावीत अशी तिची इच्छा होती.

मग ती बोटांच्या टोकावर कधी उभी राहिली?

साल १८३२, पॅरिस. 'ला सिल्फिद' या बॅलेत मारी तालिओनी परीच्या भूमिकेत आली. पांढराशुभ्र, तरंगणारा झगा आणि बोटांच्या टोकावरचं चालणं. याआधीही काही नर्तकी क्षणभर टोकावर उभ्या राहायच्या, पण ती कसरत वाटायची. तालिओनीने त्याचा अर्थ बदलला. परी जमिनीवर नीट टेकत नाही, एवढंच तिला त्यातून सांगायचं होतं.

तिच्या पायात आजच्यासारखे कडक शूज नव्हते. साधे साटनचे चपटे जोडे, कडेने दोऱ्याची शिवण घालून जरा घट्ट केलेले. बाकी सगळा भार बोटांवर आणि घोट्यावर. वडिलांनी तिच्याकडून रोज तासन्‌तास करून घेतलेला सराव त्यामागे होता. तिची लोकप्रियता इतकी, की रशियात चाहत्यांनी तिचे जोडे विकत घेऊन शिजवून खाल्ले असा किस्सा आजही सांगितला जातो.

पण त्या पांढऱ्या झग्याची दुसरी बाजू भीषण आहे. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि मलमलीचा झगा ठिणगी पडताच पेट घ्यायचा. कपडे रसायनात बुडवून आगीपासून वाचवण्याची पद्धत माहीत होती. १८५९ मध्ये पॅरिसमध्ये तसा हुकूमही निघाला होता. अडचण अशी, की त्या रसायनाने कापड कडक आणि पिवळट व्हायचं. तरंगणारी परी मग तरंगणारी दिसेना.

तालिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्ही हिने तसे कपडे घालायला नकार दिला. जबाबदारी माझी, असं तिने लिहूनही दिलं होतं. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिचा झगा दिव्याला लागला आणि तिने पेट घेतला. आठ महिने ती वेदनेत तळमळत होती. २६ जुलै १८६३ रोजी ती गेली, तेव्हा ती अवघ्या वीस वर्षांची होती.

ती हट्टी होती असं म्हणून हा विषय संपत नाही. ज्या रंगभूमीवर मुलीची किंमत ती किती हलकी दिसते यावर ठरत होती, तिथे सुरक्षित पण जड कपडा निवडणं सोपं नव्हतं.

ड्रॉइंग रूममधल्या त्या चित्रांमागे काय आहे?

बॅलेरिनांची चित्रं म्हटलं की एदगार देगा हे नाव येतं. या फ्रेंच चित्रकाराने नर्तकींवर शेकडो चित्रं, रेखाटनं आणि शिल्पं केली. त्यांच्या प्रती आज हॉटेलच्या लॉबीपासून मगपर्यंत सगळीकडे दिसतात.

नीट पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच मुली नाचतच नाहीयेत. कुणी जांभई देते आहे, कुणी दुखरा घोटा चोळते आहे, कुणी बाकावर वाकून बसली आहे. आणि कोपऱ्यात अनेकदा काळा कोट घातलेला एखादा पुरुष उभा दिसतो.

हा पुरुष म्हणजे 'आबोने', ऑपेराचा वर्षाचा वर्गणीदार. श्रीमंत वर्गणीदारांना रंगमंचामागे थेट नर्तकींच्या दालनात जायची मुभा होती. नर्तकी बहुतेक गरीब घरातल्या. पगार तुटपुंजा. 'आश्रयदाता' मिळाला तर घर चालायचं, भूमिकाही मिळायच्या. त्याच्या बदल्यात काय अपेक्षा असायची ते उघड होतं. लावणीच्या बैठकींचा आणि दौलतजादाचा इतिहास माहीत असणाऱ्या मराठी वाचकाला हे गणित नवीन वाटणार नाही. टाळ्याही तेच वाजवत आणि नावंही तेच ठेवत.

देगाचं सर्वात गाजलेलं शिल्प म्हणजे 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी'. १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं. मेणाचं शरीर, खरे केस, खरा कापडी स्कर्ट, केसांना रिबन. समीक्षक भडकले. चेहरा माकडासारखा आहे, या पोरीच्या तोंडावर गुन्हेगारीच लिहिली आहे, अशा भाषेत लिहिलं गेलं.

ती पोरगी खरी होती. मारी व्हान गोथेम तिचं नाव. बेल्जियमहून आलेल्या, लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईची ती मुलगी. ऑपेरात शिकणाऱ्या अशा लहान मुलींना 'छोटे उंदीर' म्हणत. पुढे वर्ग बुडवल्याच्या कारणावरून मारीला ऑपेरातून काढून टाकण्यात आलं. त्यानंतर तिचं काय झालं याचा माग लागत नाही.

देगाच्या मृत्यूनंतर त्या शिल्पाच्या ब्राँझच्या प्रती काढल्या गेल्या. आज त्या जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. मूळ मेणाचं शिल्प वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

फ्रान्सचा बॅले रशियाचा कसा झाला?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये बॅले मागे पडत गेला आणि रशियाच्या झारने त्यावर खजिना मोकळा सोडला. मारियुस पेतिपा नावाचा फ्रेंच नृत्यदिग्दर्शक सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तिथलाच झाला. त्याला संगीतकार मिळाला प्योत्र चायकोव्हस्की. 'स्लीपिंग ब्यूटी' १८९० मध्ये आणि 'नटक्रॅकर' १८९२ मध्ये आला.

'स्वान लेक'ची कथा मजेशीर आहे. १८७७ मध्ये मॉस्कोत तो पहिल्यांदा झाला तेव्हा फारसा कुणाला आवडला नाही. चायकोव्हस्कीच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी तो नव्याने बसवला. आज जगात जो 'स्वान लेक' होतो तो बहुतांश या दुसऱ्या प्रयोगावर आधारलेला आहे. त्याच प्रयोगात इटालियन नर्तकी पिएरिना लेन्यानी हिने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. तेव्हापासून ३२ हा आकडा बॅलेरिनांच्या मानगुटीवर बसला आहे. प्रेक्षक आजही मनातल्या मनात मोजतात.

१९०९ मध्ये सर्गेई दियागिलेव्हने रशियन कलाकारांना घेऊन पॅरिस गाठलं आणि 'बॅले र्यूस' ही मंडळी सुरू केली. २९ मे १९१३ रोजी त्यांचा 'राइट ऑफ स्प्रिंग' झाला. स्ट्राव्हिन्स्कीचं अंगावर येणारं संगीत आणि निजिन्स्कीने बसवलेली, पाय आत वळवून धपाधप आपटणारी नृत्यरचना पाहून प्रेक्षागृहात आरडाओरडा सुरू झाला. बॅले म्हणजे फक्त परी आणि हंस, ही समजूत त्या रात्री मोडली.

३२ गिरक्या मारूनही चक्कर का येत नाही?

आता थोडं विज्ञान.

ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर हात पसरून गोल फिरा आणि मग हात छातीशी घ्या. वेग वाढतो. शरीराचं वस्तुमान अक्षाच्या जवळ आलं की फिरणं सोपं होतं, म्हणून वेग वाढतो. बॅलेरिना गिरकी घेताना हात आवळते ते यासाठी.

पण ३२ गिरक्यांना एवढं पुरत नाही. जमिनीशी होणारं घर्षण वेग खात असतं. म्हणून या 'फुएते' प्रकारात प्रत्येक फेरीत उभ्या पायाची टाच क्षणभर खाली येते, पाय जमिनीला ढकलतो आणि नवा जोर मिळतो. त्याच क्षणी दुसरा पाय हवेत बाजूला फिरत असतो. शरीर प्रेक्षकांकडे तोंड करून थांबल्यासारखं दिसतं, पण फिरण्याची गती त्या पायात शिल्लक असते. पाय आत ओढला की ती पुन्हा अख्ख्या शरीराला मिळते.

चक्कर टाळायला डोक्याची युक्ती असते. समोरच्या एका बिंदूवर नजर रोखायची, शरीर वळत राहिलं तरी डोकं शक्य तितकं मागे ठेवायचं आणि शेवटी झटक्यात फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणायचं.

यापलीकडे मेंदूही बदलतो. २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २९ बॅले नर्तकी आणि तुलनेसाठी २० महिला नौकानयनपटूंना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर फिरवलं. खुर्ची थांबल्यावर नर्तकींना फिरल्याचा भास कमी वेळ होत होता. स्कॅनमध्ये त्यांच्या लहान मेंदूचा, कानातून येणारे तोलाचे संदेश हाताळणारा भाग वेगळा आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू ते संदेश मनावर घेणं कमी करतो, असा निष्कर्ष निघाला. याचा उपयोग कायम चक्कर येणाऱ्या रुग्णांवरचे उपचार सुधारण्यासाठी होऊ शकतो.

उडी मारताना नर्तकी हवेत थांबल्यासारखी दिसते, तोही डोळ्यांना दिलेला चकवाच. गुरुत्वाकर्षण कुणालाच सोडत नाही. पण उडीच्या सर्वोच्च टप्प्यावर हातपाय वर उचलले की शरीराचा गुरुत्वमध्य शरीरात थोडा वर सरकतो. त्यामुळे डोकं आणि धड काही क्षण एकाच उंचीवर सरळ रेषेत जातात. आपले डोळे डोक्याकडे बघत असतात, म्हणून आपल्याला ती तरंगताना दिसते.

आणि हो, ती गोल फिरणारी काळी सावली, जी कुणाला डावीकडे तर कुणाला उजवीकडे फिरताना दिसते? ती २००३ मध्ये जपानच्या नोबुयुकी कायाहारा यांनी बनवली. त्या सावलीत खोली कळायला कुठलीच खूण नाही, म्हणून मेंदू स्वतःच दिशा ठरवतो. 'उजवीकडे दिसली तर तुम्ही कलाकार, डावीकडे दिसली तर गणिती' हा फॉरवर्ड मात्र निव्वळ थाप आहे.

त्या शूजमध्ये लाकूड असतं का?

नाही. हा खूप जुना गैरसमज आहे. पॉइंट शूजचं टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर चढवून, वाळवून कडक करतात. तळव्याखाली एक ताठ पट्टी असते. वर साटन. आता काही कंपन्या प्लास्टिकसारखा लवचीक पदार्थही वापरतात.

नवे शूज थेट पायात चढवले आणि नाचायला सुरुवात केली, असं होत नाही. नर्तकी आधी ते वाकवतात, जमिनीवर आपटतात, टोकाचं साटन कापतात, रिबन स्वतः शिवतात. घुंगरं स्वतः ओवून घेणाऱ्या कथक नर्तकीला ही माया लगेच कळेल. एवढं करून मोठ्या भूमिकेत एक जोड एका प्रयोगातच मऊ पडून निकामी होऊ शकतो.

शूजचा रंग हा वेगळाच प्रश्न आहे. पारंपरिक रंग फिकट गुलाबी, कारण तो गोऱ्या कातडीत मिसळून जातो आणि पायाची रेषा लांब दिसते. सावळ्या आणि काळ्या नर्तकींचं काय? त्या वर्षानुवर्षं शूजवर फाउंडेशन थापून ते आपल्या रंगाचे करत आल्या. १९२९ पासून बॅलेचे शूज बनवणाऱ्या 'फ्रीड ऑफ लंडन'ने २०१८ मध्ये 'बॅले ब्लॅक' या संस्थेबरोबर तपकिरी रंगांचे पॉइंट शूज आणले. दीडशेहून जास्त वर्षांच्या परंपरेत एवढी साधी गोष्ट व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

त्याआधी २०१५ मध्ये मिस्टी कोपलँड अमेरिकन बॅले थिएटरची पहिली आफ्रिकन अमेरिकन महिला प्रिन्सिपल झाली होती. तिने बॅले सुरू केला वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे बॅलेच्या हिशेबाने फारच उशिरा.

हलकं दिसायची किंमत

दिव्यांची आग गेली, तरी हलकं दिसायची सक्ती राहिली.

विसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलन्चिन यांनी लांब हातपाय आणि अतिशय बारीक शरीराची नर्तकी हा आदर्श रुजवला. त्यांच्याकडे नाचलेल्या गेल्सी कर्कलंड हिने १९८६ मधल्या आत्मचरित्रात उपासमार, शरीरावरच्या शस्त्रक्रिया आणि अमली पदार्थ यांविषयी उघडपणे लिहिलं. तेव्हा बॅलेचं जग हादरलं होतं.

ती एकटी नव्हती. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं, की खाण्याशी निगडित मानसिक आजारांचा धोका नर्तकांमध्ये इतरांपेक्षा सुमारे तिप्पट आहे आणि बॅले करणाऱ्यांमध्ये त्यांचं प्रमाण आणखी जास्त आहे. पुरेसं न खाता कष्ट केले की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, बारीक फ्रॅक्चर होतात. आरशासमोर रोज उभं राहून स्वतःत खोट शोधणं हाच जिथे सराव असतो, तिथे मन आजारी पडायला वेळ लागत नाही.

आता अनेक मोठ्या संस्थांमध्ये आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ असतात. पॉइंट शूज साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देऊ नयेत, पायाची हाडं आणि स्नायूंची ताकद बघूनच द्यावेत, असं जाणकार सांगतात. लहान मुलीला ऑनलाइन शूज मागवून देऊन रील काढणाऱ्या पालकांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

टीव्हीवर 'स्वान लेक' लागला की रशियन लोक घाबरायचे, ते का?

सोव्हिएत रशियात बॅले ही देशाची शान होती. परदेशी पाहुणा आला की त्याला बोल्शोई थिएटरमध्ये नेलं जायचं. पण त्याच देशात महान नर्तकी माया प्लिसेत्स्कायाच्या वडिलांना स्टालिनच्या राजवटीत गोळ्या घालण्यात आल्या, आईला छावणीत डांबलं गेलं आणि खुद्द मायाला कित्येक वर्षं परदेश दौऱ्यांवर पाठवलं गेलं नाही.

काही जण पळाले. १९६१ च्या जूनमध्ये रुडॉल्फ नुरेयेव्हने पॅरिसच्या विमानतळावर फ्रेंच पोलिसांकडे आश्रय मागितला. १९७० मध्ये नतालिया माकारोव्हा लंडनमध्ये राहिली, १९७४ मध्ये मिखाइल बारिश्निकोव्ह कॅनडात. नुरेयेव्हची पुढे मार्गो फॉन्टेनशी जोडी जमली. १९६२ मध्ये दोघं पहिल्यांदा एकत्र नाचले तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि निवृत्तीची चर्चा सुरू असलेली ती ४२ वर्षांची. त्यानंतर ती कित्येक वर्षं नाचली.

आणि 'स्वान लेक'? १९८२ ते १९८५ या काळात ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, चेर्नेन्को असे एकामागून एक नेते गेले. बातमी जाहीर होण्याआधी टीव्हीवर नेहमीचे कार्यक्रम बंद होऊन बॅले आणि शास्त्रीय संगीत सुरू व्हायचं. १९ ऑगस्ट १९९१ रोजी गोर्बाचेव्हविरुद्ध उठाव झाला तेव्हा मॉस्कोच्या रस्त्यावर रणगाडे होते आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा 'स्वान लेक'. तेव्हापासून ते चार छोटे हंस म्हणजे 'वर काहीतरी गडबड आहे' याची खूण झाली.

३ मार्च २०२२ रोजी युक्रेन युद्धानंतरच्या दडपणामुळे 'दोझ्द' या स्वतंत्र रशियन वाहिनीने प्रक्षेपण थांबवलं, तेव्हा शेवटी तिने 'स्वान लेक'च दाखवला. रशियन प्रेक्षकांना वेगळं काही सांगायची गरज नव्हती. त्याच महिन्यात बोल्शोईची मुख्य नर्तकी ओल्गा स्मिर्नोव्हा युद्धाचा निषेध करून नेदरलँड्सच्या राष्ट्रीय बॅलेत गेली.

भारताचा बॅलेशी संबंध काय?

वाटतो त्यापेक्षा बराच जुना, आणि एक धागा थेट गोव्यातून जातो.

पोर्तुगीजांनी इथल्या देवळांत नाचणाऱ्या स्त्रियांना 'बायलादेरा' म्हटलं. म्हणजे नाचणारी. 'बॅलेरिना'चीच ही चुलत बहीण. फ्रेंचांनी त्याचं 'बायादेर' केलं. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या खऱ्या देवदासी पॅरिसला गेल्या आणि त्यांचे प्रयोग गाजले. त्यांच्यावर भरभरून लिहिणारा तेओफील गोतिए हाच पुढे १८४१ च्या 'जिझेल' या अजरामर बॅलेच्या लेखकांपैकी एक.

१८७७ मध्ये पेतिपाने 'ला बायादेर' बसवला. देवळातली नर्तकी निकिया, तिचा प्रियकर योद्धा, राजकन्या, फुलांच्या परडीतला साप. कथा भारतातली, पण हा भारत पूर्णपणे कल्पनेतला. आज त्यातल्या चित्रणावर टीकाही होते आणि त्यातला पांढऱ्या छायांचा प्रवेश बॅलेतला सर्वांत सुंदर प्रवेश म्हणून बघितलाही जातो.

दुसरा धागा आना पाव्हलोव्हाचा. 'मरणारा हंस' हे नृत्य अमर करणारी ही रशियन बॅलेरिना. तिची आईही कपडे धुण्याचं काम करायची. १९२२-२३ च्या भारत दौऱ्यात तिने देवदासींचं नृत्य बघायचा प्रयत्न केला. पुढे लंडनमध्ये तिला एक भारतीय तरुण भेटला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तो तिथे चित्रकलाच शिकायला गेला होता. त्याचं नाव उदय शंकर. १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये 'राधा-कृष्ण' सादर झाला. पाव्हलोव्हा राधा, उदय शंकर कृष्ण.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीही पाव्हलोव्हामुळेच तिच्या मंडळीतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅलेचे धडे घेतले. आपल्या मातीतल्या नाचाकडे बघ, असं पाव्हलोव्हाने त्यांना सुचवलं. त्यांनी १९३६ मध्ये चेन्नईत कलाक्षेत्र उभं केलं. भरतनाट्यमच्या आजच्या रूपामागे एका बॅलेरिनाचा सल्ला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. देवदासी परंपरेतल्या स्त्रियांकडून हे नृत्य कसं आणि कुणाच्या हातात गेलं, यावरचा वादही तितकाच खरा आहे.

उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेला एक मुलगा १९४४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाला आणि सुरुवातीला नृत्यदिग्दर्शनही करत होता. तो गुरुदत्त. त्याच केंद्रातून आलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढला. त्यांचं 'रामायण' कळसूत्री बाहुल्यांच्या चालीवर बसवलेलं होतं. सचिन शंकर यांचं 'बॅले युनिट'ही मुंबईचंच. आपल्याकडे नृत्यनाट्याला सर्रास 'बॅले' म्हणतात ते याच परंपरेमुळे. त्यात पॉइंट शूज नसतात, पण नाचातून सलग कथा सांगणं असतं.

खरा पाश्चात्त्य बॅले मुंबईत बराच काळ ठरावीक वर्गापुरताच राहिला. मग टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह हे दोघं पुढे आले. इस्रायली-अमेरिकी शिक्षक येहुदा माओर यांनी त्यांना मुंबईत घडवलं. २०१७ मध्ये अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. सुनी तारापोरवाला यांचा २०२० मधला 'ये बॅले' हा सिनेमा याच दोघांवर आधारलेला आहे आणि त्यात मनीषने स्वतः काम केलं आहे.

आणि तो व्हायरल व्हिडिओ?

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये एक व्हिडिओ जगभर फिरला. व्हीलचेअरवर बसलेली, अल्झायमर झालेली वृद्ध स्त्री. कानात 'स्वान लेक'चं संगीत. आणि तिचे हात हंसाच्या पंखांसारखे उलगडायला लागतात.

ती स्पेनमधली मार्ता गोन्झालेझ. व्हिडिओ बाहेर आला तेव्हा ती हयात नव्हती. ती न्यूयॉर्कच्या बॅलेची प्रमुख नर्तकी होती, असं सांगत तो फिरला. त्या दाव्याला भक्कम पुरावा मिळाला नाही. मध्ये जोडलेलं जुनं दृश्यही तिचं नाही, ते रशियन नर्तकी उल्याना लोपात्किनाचं आहे.

पण त्या हातांना काय आठवलं, ते मात्र बनावट नव्हतं. संगीत आणि अंगात मुरलेल्या हालचाली यांची स्मृती इतर आठवणी पुसल्या गेल्यावरही बराच काळ टिकू शकते, हे डॉक्टरांना माहीत आहे.

बॅले पहिल्यांदा बघायचा असेल तर?

तिकिटं महाग असतात म्हणून थांबायची गरज नाही. २०१४ पासून दरवर्षी 'वर्ल्ड बॅले डे'ला जगातल्या मोठ्या कंपन्या आपला रोजचा सराव आणि तालमी ऑनलाइन फुकट दाखवतात. सुरुवात 'नटक्रॅकर'पासून करा. कथा सोपी आहे आणि संगीत जाहिरातींमुळे तुम्हाला आधीच पाठ असतं. अंगावर काटा हवा असेल तर 'जिझेल'चा दुसरा अंक बघा.

बघताना फक्त मधल्या बॅलेरिनाकडे बघू नका. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलींकडेही बघा. एका पायावर, हात वर करून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता त्या कित्येक मिनिटं तशाच उभ्या असतात. त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येत असतात, आणि ते आपल्याला कळू न देणं हेच त्यांचं काम असतं.